आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अमेरिका साम्राज्यवादी कशी झाली, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: १८९८ साली क्यूबातल्या हवानाच्या बंदरात 'मेन' ही युद्धनौका फुटली, पेपरवाल्यांनी रान उठवलं आणि स्पेनशी युद्ध पेटलं. ठिणगीपुरतं ठीक आहे हो, पण दारू कुणी भरून ठेवली होती? मला विचाराल तर वॉशिंग्टनने, घरचे हिशोब जुळवताना.

साखरेचंच बघा. (साखरेचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको!) हवाई या तेव्हाच्या स्वतंत्र बेटराज्याची साखर १८७६पासून अमेरिकेत बिनजकात जायची, तिथले गोरे मळेवाले गब्बर झाले होते. १८९०मध्ये मॅकिन्ली नावाच्या खासदाराच्या कायद्याने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि घरच्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईची सवलत एका फटक्यात कवडीमोल झाली. जानेवारी १८९३मध्ये तिथल्या गोऱ्या व्यापारी-वकिलांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली खेचलं. तेव्हा अमेरिकी नौसैनिक होनोलुलूत उतरलेलेच होते! पुढे हवाई सामील करण्यावर सही केली ती याच मॅकिन्लीने, राष्ट्राध्यक्ष म्हणून.

१८९४मध्ये साखरेवर ४० टक्के जकात परत आली आणि स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबाचा धंदा बसला. मळ्यांवरचे मजूर रिकामे झाले, फेब्रुवारी १८९५मध्ये उठाव. स्पेनवरचा राग जुना होता, मान्य. पण रिकामं पोट त्यात तेल ओततंच.

आणि खुद्द अमेरिकेत? १८९३च्या मंदीने बँका बुडवल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत काढल्या. ओहायोचा जेकब कॉक्सी बेकारांचा जथा घेऊन पायी वॉशिंग्टनला निघाला. मागणी साधी: सरकारने नोटा छापाव्यात, महिन्याला २ कोटी डॉलर रस्त्यांवर खर्चावेत, हातांना काम द्यावं. १ मे १८९४ला तो संसदेसमोर पोचला, तर त्याला पकडलं. गुन्हा काय, तर हिरवळीवर पाय ठेवला! वीस दिवस तुरुंग.

चारच वर्षांनी बेव्हरिजसारखे पुढारी सांगत होते, आपले कारखाने गरजेपेक्षा जास्त माल काढतायत, जगाचा व्यापार आपलाच झाला पाहिजे. अरे, घरच्या गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होता, त्याचं काय? त्याच्या खिशात चार पैसे घालण्यापेक्षा आशियात गिऱ्हाईक शोधणं यांना सोपं वाटलं.

डिसेंबर १८९८मध्ये युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात आशियातल्या फिलिपिन्ससाठी स्पेनला किती मोजायचे ठरले? २ कोटी डॉलर. कॉक्सीच्या रस्त्यांचा एका महिन्याचा खर्च.