२४ पैकी ५ पोर्ट १०० वर का अडकले: आपल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आपण एक स्टार देऊन जे लिहिलंय ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो. कुपवाडच्या मशीन शॉपमध्ये आपण आमच्याकडून पॅनलला २४ कॅट-६ श्रेणीचे जॅक (केबलचा प्लग घालायची सॉकेट) बसवून घेतले, तरी ५ पोर्ट १०० एमबीपीएसच्या वर जात नाहीत. मोठ्या मोटरचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की कंपाउंडचा कॅमेरा जातो. टेस्टरचे आठही दिवे लागतात, मग दहा रुपयांचा कनेक्टर असताना "तुमच्या जॅकला एवढे पैसे कशाला?" असं आपण विचारलंय. आणि फोन केला तर "केबलचा प्रॉब्लेम असेल" म्हणून आमच्या माणसाने फोन ठेवला.

फोनवरचं ते उत्तर चुकीचं होतं, मनापासून माफी मागतो. न बघता केबलवर ढकलायला नको होतं. शनिवारी सर्टिफायर मीटर (लाइन मानकात बसते का ते मोजणारा) आणून सगळ्या लाइन तपासल्या, त्यात काय निघालं ते इथे उघड लिहितो.

पाचपैकी दोन पोर्टवर आयपी कॅमेरे आहेत. त्या कॅमेऱ्यांचं स्वतःचं पोर्टच १०/१०० चं आहे, बहुतेक कॅमेऱ्यांचं असतंच. स्विचवर तिथे १०० दिसणं बरोबर आहे, त्यात बिघाड काही नाही. हे बसवताना सांगितलं असतं तर आपली चिंता वाचली असती.

तिसरा पोर्ट पूर्णपणे आमची चूक. तपकिरी जोडीतली एक तार जॅकच्या खाचेत पुरती बसलीच नव्हती. तार खाचेत दाबताना (पंच करताना) टूलचं कापणारं पातं उलट्या बाजूला धरलं गेलं आणि जास्तीचं टोक कापण्याऐवजी केबलकडची तार अर्धी कापली गेली. कनेक्टरच्या आठ पिनांपैकी १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही. तपकिरी जोडी ७-८ वर असते, म्हणून लिंक १०० वर उतरली. तो जॅक त्याच दिवशी बदलला आणि रिपोर्ट पास आला.

उरलेल्या दोन पोर्टचं कारण नीट समजून घ्यावं अशी विनंती, कारण दिव्यांचा टेस्टर तिथेच फसवतो. आपल्या माणसाने हाताने केलेल्या त्या दोन पॅच कॉर्डमध्ये (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या छोट्या केबलमध्ये) रंग जोडीने ओळीत लावलेत: नारिंगी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून १ ते १, २ ते २ सगळं जुळतं आणि आठही दिवे लागतात. पण नेटवर्कचा एक सिग्नल जातो ३ आणि ६ वर. म्हणजे त्या सिग्नलची एक तार हिरव्या जोडीतली, दुसरी निळ्या जोडीतली. दोन्ही एकमेकींना पीळ घालून चाललेल्या नाहीत, त्यामुळे पिळाचा उपयोग शून्य. याला स्प्लिट पेअर म्हणतात, आणि त्यामुळेच ते दोन पोर्ट १०० वर अडकले. दिव्यांचा टेस्टर फक्त तार तुटली आहे का एवढंच सांगतो, एका जोडीचा आवाज (नको असलेला सिग्नल) दुसरीत किती शिरतोय हे त्याला कळत नाही. बी कोड या ठरलेल्या रंगक्रमाचा बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली दिसते, ती तशीच हवी.

ही विचित्र मांडणी टेलिफोनच्या काळातून आली. मधली ४-५ पहिल्या लाइनची, तिच्याभोवती ३-६ दुसऱ्या लाइनची. फोनवरच्या बोलण्याला ते चालून जायचं, डेटाला ते डोकेदुखी ठरलं, आणि जॅकच्या पैशांचं कारण नेमकं इथेच आहे.

केबलच्या टोकाचा प्लग (तोच दहा रुपयांचा कनेक्टर) हातात घेऊन समोरून बघा. आठ पाती १.०२ मिलिमीटरच्या अंतरावर एकमेकांसमोर उभी आहेत. अशी समोरासमोर उभी पाती म्हणजे छोटे कपॅसिटरच. ३ नंबरचा शेजारी ४, ६ नंबरचा शेजारी ५. ३-६ वर सिग्नल आला की ३ आपला अंश ४ वर टाकतो आणि ६ त्याच्या उलटा अंश ५ वर. ४-५ च्या जोडीत खोटा सिग्नल तयार! प्लगचा आकार सगळ्या जगाशी जुळायला हवा, म्हणून प्लगमध्ये हे टाळता येत नाही. ते खोडून काढायचं काम जॅकवर येतं. जॅकमधल्या छोट्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) ३ ला ५ शी आणि ४ ला ६ शी मुद्दाम तेवढंच जोडलेलं असतं, तांब्याच्या पट्ट्या न टेकवता जवळजवळ आणून. उलट्या दिशेचा तेवढाच आवाज मिसळला की दोन्ही एकमेकांना मारतात.

पण हे खोडणं प्लगच्या पात्यापाशी होत नाही, काही मिलिमीटर पुढे होतं. २५० मेगाहर्ट्झला केबलमध्ये लहरीची लांबी सुमारे ८० सेंटिमीटर. १० मिलिमीटर पुढे खोडलं तर जाऊन-येऊन २० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ९ अंशांचा फरक पडतो. तेवढा आवाज मरत नाही, शिल्लक राहतो. म्हणून चांगल्या जॅकमध्ये दोन टप्पे असतात: पहिल्यात गरजेच्या जवळपास दुप्पट उलटा आवाज, त्याच्या थोडं पुढे एकपट परत सुलटा. बेरीज शून्याकडे जाते आणि अंतरामुळे राहिलेला फरकही बराच मिटतो. जॅकचे स्प्रिंग जितके आखूड, तितकं हे सोपं.

आकड्यांत सांगायचं तर १०० मेगाहर्ट्झला कॅट-५ई (कॅट-६ च्या खालची श्रेणी) कनेक्टरने निअर-एंड क्रॉसटॉक, म्हणजे पाठवणाऱ्या टोकालाच शेजारच्या जोडीत शिरणारा आवाज, ४३ डेसिबल दाबला तरी पास, कॅट-६ ला ५४ लागतात. ११ डेसिबल म्हणजे शिरलेल्या आवाजाचं व्होल्टेज साधारण साडेतीनपट कमी.

यातून एक गोष्ट निघते जी पटायला वेळ लागतो. जॅक ठरावीक मर्यादेतला आवाज करणाऱ्या प्लगसाठी जुळवलेला असतो. त्याहून जास्त आवाज करणारा प्लग लावला तर खोडणं कमी पडतं, अगदी कमी आवाजाचा लावला तर जास्तीचं खोडून तो पुन्हा बिघाडच. दहा रुपयांच्या प्लगमध्ये तारा कशा बसतील याला धरबंध नसतो. त्यात कॅट-६ ची तार २३ गेजची, जाड. कॅट-५ई प्लगच्या भोकात ती जबरदस्तीने घालावी लागते, मग पीळ बाहेरच सुटतो.

तरी खरं ते सांगतो: आपल्या ऑफिसमधल्या ३०-४० मीटरच्या गिगाबिट लाइनला नीट लावलेला कॅट-५ई सुद्धा पुरला असता. गिगाबिट १०० मेगाहर्ट्झच्या केबलवर चालतं. कॅट-६ चा फायदा पुढे १० गिगाबिट करायचं असेल तेव्हा, तेही साधारण ५५ मीटरच्या आत. काउंटरवर हे विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

आता कंपाउंडच्या कॅमेऱ्याचं. व्हीएफडीचा आवाज जोडीच्या दोन्ही तारांवर सारखा पडतो, आणि समोरचं यंत्र दोन तारांमधला फरक वाचतं, म्हणून सारखा पडलेला आवाज वजा होऊन जातो. अट एकच, दोन्ही तारा खरंच सारख्या असाव्यात. प्लगपाशी पीळ सोडलेला, एक तार लांब, एक आखूड, असं झालं की सारखेपणा मोडतो आणि तो आवाज सिग्नल बनून आत शिरतो. कॅमेऱ्याकडच्या प्लगमध्ये जवळपास ३० मिलिमीटर पीळ सोडलेला होता, वरचं आवरण प्लगच्या बाहेर. मानकाप्रमाणे १३ मिलिमीटरच्या वर नको, आम्ही ६ च्या आत ठेवतो. शिवाय ती केबल शील्डेड (आत फॉइलचं वेष्टण असलेली), पण रॅककडे आमच्याच माणसाने साधा प्लास्टिकचा जॅक लावून ड्रेन वायर (फॉइलला टेकून जाणारी उघडी तार) छाटून टाकली होती. फॉइल अर्थिंगला कुठेच जोडलेली नाही, मग शील्ड असून नसल्यासारखी. तिथे धातूच्या बॉडीचा जॅक लावला, फॉइल चारही बाजूंनी क्लॅम्पमध्ये धरली, पॅनल रॅकच्या अर्थला जोडलं. कॅमेऱ्याची बॉडी लोखंडी खांबाला थेट टेकत होती. तिथला आणि रॅकचा अर्थ वेगळा पडला तर करंट शील्डमधून वाहतो, म्हणून मध्ये प्लास्टिकची प्लेट घातली. मोटरची केबल आणि ही केबल एकाच ट्रेमधून जात होत्या, त्या वेगळ्या केल्या. जिथे ओलांडाव्याच लागतात तिथे काटकोनात ओलांडल्या आहेत.

आपला माणूस पुढे स्वतः प्लग लावणार असेल तर एवढं त्याला जरूर सांगा. आवरण २५-३० मिलिमीटर काढायचं, मधला प्लास्टिकचा क्रॉस आवरणाच्या तोंडाशी कापायचा. तारा सरळ करून लोड बारमध्ये (तारा ओळीत धरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यात) घालायच्या, बार आवरणापर्यंत मागे रेटायचा, मगच टोकं एका रेषेत छाटायची. आवरण प्लगच्या खिट्टीखाली आत गेलंच पाहिजे. भिंतीतल्या सॉलिड तारेला तीन दातांच्या पात्याचा प्लग, लवचिक पॅच केबलला दोन दातांचा. उलट लावला तर आज चालतो, चार महिन्यांनी सैल होतो. क्रिंप अर्धवट राहून पातं वर राहिलं तर ते जॅकचे स्प्रिंग कायमचे वाकवतं. टेलिफोनचा छोटा प्लग या जॅकमध्ये कधीच घालू नये, त्याने १ आणि ८ चे स्प्रिंग दबतात.

२४ ही पोर्टचे सर्टिफायर रिपोर्ट आपल्या ईमेलवर पाठवले आहेत, प्रत्येक जोडीच्या आकड्यांसकट. बदललेल्या दोन जॅकचे आणि कामाचे पैसे घेतलेले नाहीत. त्या दोन स्प्लिट कॉर्डच्या जागी कारखान्यात तयार झालेल्या कॉर्ड आमच्याकडून दिल्या आहेत. जुन्या दोन कॉर्ड कापून टाका, ड्रॉवरमध्ये ठेवू नका, नाहीतर कुणीतरी आठ दिवे बघून पुन्हा लावेल. रंगक्रम आणि पीळ किती सोडायचा, हे मराठीत छापलेलं कार्ड आता प्रत्येक जॅकच्या पाकिटात जाईल.

व्हीएफडी पूर्ण लोडवर असताना कॅमेरा दोन-तीन शिफ्ट बघा. एकदा जरी तुटला तरी थेट काउंटरवर सांगा, मीटर घेऊन त्याच दिवशी येतो.