डीपीत आहे, काका

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आणि मी लगेच घेतली पण, आता घेतली तर चालवायला हवी आणि चालवायची तर आमच्या मेन रोडवर, जिथे डावीकडे पार्क केलेल्या गाड्यांची दारं धाडकन उघडतात आणि उजवीकडून रिक्षावाला अंगाला घासून "काका, कडेने!" म्हणून ओरडतो. कडा कुठंय? शहराचं नाव सांगत नाही, घरपट्टी भरायचीय अजून.

हे सगळं पुण्यातल्या मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणे, आमच्याकडे २००६ पासून महापालिका नागरिकांकडून कामं मागवते, बजेटच्या आधी फॉर्म भरायचा, एका कामाला ५ लाखांपर्यंत मिळतात, आणि सायकलचा आख्खा आराखडा तर आमच्या मुख्य सभेने २०१७ लाच मंजूर केलाय! म्हटलं, मग तू चालवतोस का सायकल? "छे रे, ट्रॅफिक किती असतं."

तर आमच्याकडेही तसला फॉर्म निघालाय असं कळलं. मी रात्रभर बसून भरला. शाळा ते स्टेशन, सायकल ट्रॅक, रुंदी कमीत कमी २ मीटर. ही रुंदी माझ्या मनाची नाही, इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच लिहून ठेवलीय.

पालिकेतले जेई साहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, तरुण होते, भला माणूस. फॉर्म बघून म्हणाले, "काका, बजेटमध्ये सायकलला हेडच नाही, म्हणजे खर्चाचं खातंच नाही. फुटपाथच्या हेडात बसवू. आणि टेन्शन घेऊ नका, तो ट्रॅक डीपीत आहे."

डीपीत आहे! म्हणजे विकास आराखड्यातच आहे! मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो. बायको म्हणाली, अहो, साखर.

मग सहा महिने मी चकरा मारल्या. आधी एस्टिमेट, मग टेंडर, मग कळलं की निधीचं वर्गीकरण झालं. वर्गीकरण म्हणजे पैसे कुठेही जात नाहीत हो, फक्त तुमच्या कामातून उठून दुसऱ्याच्या कामात जाऊन बसतात. आमचे तर खरोखरच बसले, नाल्याकाठी "माननीयांच्या संकल्पनेतून" असं कोरलेले अकरा बाक आले आणि त्यांची तोंडं नाल्याकडे.

पण ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे असतात, त्या पुण्याईने उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं. २८ तारखेच्या रात्री जेसीबी आला आणि सकाळी उठून बघतो तर ट्रॅक! लाल रंग, पेव्हर ब्लॉक, मधोमध पांढरी सायकल काढलेली. लांबी माझी एकशे दहा पावलं. शाळा एका टोकाला दिसते, स्टेशन कुठेच दिसत नाही.

त्या सायकलचं पुढचं चाक बरोबर ड्रेनेजच्या झाकणावर आलं होतं. पुढच्या आठवड्यात चेंबर तुंबलं, झाकण काढलं, परत लावताना फिरवून लावलं. आता त्या सायकलचं मागचं चाक जमिनीवर आहे आणि पुढच्या चाकाचे दोन तुकडे दोन दिशांना गेलेत, अगदी मेन रोडवर आपटल्यासारखे.

तरी मी चालवली. ब्लॉकखाली वाळू धड नाही त्यामुळे सायकल भजनी मंडळासारखी वाजत जाते, मधे वडापावची गाडी आली की उतरायचं, पुढे शेजारच्या नानांची कार आली की परत उतरायचं (नाना वर म्हणतात, "तुमच्या ट्रॅकने फार सोय झाली हो, गाडी सावलीत राहते") आणि एकशे दहाव्या पावलाला ट्रॅक सरळ घुसतो तो विजेच्या डीपीत. हिरवा डबा, त्यावर कवटी, खाली "धोका".

खोटं नव्हते बोलले हो जेई साहेब. ट्रॅक डीपीतच आहे.

परवा बायकोने पेपरातली बातमी वाचून दाखवली की मुंबईत बीकेसीतले सायकल ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं ठरलंय. म्हणाली, "बघा, घालायचेही पैसे, काढायचेही पैसे. तुम्ही उगाच घालायच्या बाजूला राहिलात."

यंदाचा फॉर्म आलाय. मी एकच ओळ लिहिली, 'डीपी हलवणे', आणि खिडकीत दिला. आतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुठला डीपी, काका? कारण आराखडा हलवायचा असेल तर वरच्या मजल्यावर जावं लागेल."