मिस्त्रालचा सन्मान वाया गेला का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या प्रोव्हान्साल भाषेत लिहिणाऱ्या फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीवरच्या माझ्या ‘भाषेचा कैवारी’ या लेखावर तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रोव्हान्साल ही फ्रेंचचीच एक बोली, तिचा एवढा उदोउदो कशाला? मिस्त्राल हा गतकाळात रमलेला, उजव्या विचारांचा, फ्रेंचद्वेष्टा माणूस. शिवाय नोबेल, पुतळा, संग्रहालय एवढं सगळं होऊनही भाषा मरणपंथाला लागलीच, म्हणून ते शीर्षक मी बदलावं.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. प्रोव्हान्साल फ्रेंचमधून फुटलेली नाही. दक्षिण फ्रान्सभर पसरलेल्या ऑक्सितान भाषेचं ते एक रूप, आणि ऑक्सितान ही लॅटिनमधून फ्रेंचच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे घडली. बाराव्या शतकात त्रुबादूर कवी याच भाषेत गात होते. दान्तेने ‘दिव्हिना कोमेदिया’मध्ये आर्नो दानिएल या त्रुबादूराला बोलतं केलं, तेव्हा त्याच्या तोंडी इटालियन न घालता त्याची स्वतःची भाषा घातली. तिचा मान आधीपासूनच होता. तो पुढे पॅरिसच्या दरबारात हरवला.

राजकारणाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. मिस्त्राल परंपरावादी होता. शार्ल मोरास हा कट्टर राजेशाहीवादी त्याला गुरुस्थानी मानत असे, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीनेही त्याच्या नावाचा वापर केला. पण मिस्त्राल मार्च १९१४ मध्येच वारला होता. १९४० साली त्याच्या नावाचं काय झालं, त्याचा जाब त्याला विचारता येत नाही. आणि तो फ्रेंचद्वेष्टा होता हे तर मला अजिबात मान्य नाही. १८५९ साली आलेल्या ‘मिरेयो’ या त्याच्या बारा सर्गांच्या काव्यात प्रत्येक प्रोव्हान्साल पानासमोर त्याने स्वतः केलेलं फ्रेंच भाषांतर छापलेलं आहे. श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी मिरेयो आणि टोपल्या विणणारा गरीब विन्सेन यांची ही गोष्ट लामार्तीन या नामवंत फ्रेंच कवीने वाचली आणि थेट होमरची आठवण काढली. पॅरिसचे वाचक त्याला हवेच होते. त्यांच्यासाठी आपली भाषा सोडून देणं मात्र त्याला मंजूर नव्हतं.

आता तुमच्या शेवटच्या मुद्द्याकडे येतो. तो मला खरोखर लागला.

सन्मान झाला आणि तरी भाषा आटली, म्हणून सन्मान फुकट, असं तुम्ही म्हणता. यात एक मोठी गोष्ट सुटते : मुलं कोणत्या भाषेत शिकणार, हे कोणी ठरवलं? १७९४ साली आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेपुढे अहवाल मांडला. प्रांतोप्रांतीच्या बोली नष्ट करण्याची गरज आणि त्यासाठीचे उपाय, हे त्या अहवालाच्या शीर्षकातच लिहिलेलं होतं. १८८१-८२ च्या मंत्री ज्यूल फेरीच्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. ते व्हायलाच हवं होतं, पण ते फक्त फ्रेंचमधून झालं. वर्गात घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवायची, आणि दुसरं कोणी तसं बोललं की ती त्याच्या गळ्यात जायची, अशी पद्धत अनेक शाळांत होती. त्या मुलांनी आईबाप झाल्यावर आपल्या पोरांशी ती भाषा बोलणं सोडलं, यात नवल काय? या भाषांना शाळेत कायद्याने पहिल्यांदा जागा मिळाली ती १९५१ साली, तीही ऐच्छिक. तोवर मिस्त्रालला जाऊन सदतीस वर्षं झाली होती. एका कवीच्या आयुष्यावर या साऱ्याचं खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं. २१ मे १८५४ रोजी सात कवींनी फाँ-सेग्यून इथे ‘फेलिब्रिज’ ही भाषेच्या जतनासाठीची संस्था काढली, त्यांत तो होता. मग वीसेक वर्षं खपून त्याने ‘लू त्रेझोर दू फेलिब्रिज’ हा दोन खंडांचा कोश रचला. आपल्या दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ चाळणाऱ्या कोणालाही या कामाचं मोल सांगावं लागणार नाही. त्यात फक्त प्रोव्हान्स नाही, गॅस्कनीपासून लिमूझँपर्यंत, ऑक्सितानच्या इतर प्रांतांतली रूपंही आहेत. नोबेल समितीने कवितेबरोबर या भाषाकार्याचाही मुद्दाम उल्लेख केला. ते पारितोषिक त्याला स्पॅनिश नाटककार होजे एचेगरायबरोबर विभागून मिळालं होतं, आणि त्याचे पैसे त्याने प्रोव्हान्समधल्या आर्ल शहरातल्या आपल्या लोकजीवन संग्रहालयाला प्रशस्त जुनी वास्तू मिळवून देण्यासाठी वापरले. ‘म्युझेऑन आर्लातेन’ आजही उभं आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०२१ मध्ये पुन्हा उघडलं.

त्याच्यावर खरा आक्षेप घ्यायचा तर तो वेगळा आहे, आणि तुम्ही तो मांडला नाहीत. फेलिब्रिजने ऱ्होन नदीकाठच्या बोलीला आणि आपल्या लेखनपद्धतीला आदर्श मानलं. पश्चिमेकडे, तुलूझ शहराभोवतीच्या आणि गॅस्कनीच्या लोकांना ते परकं वाटलं. शुद्धलेखनावरून दोन तट पडले ते आजतागायत आहेत. ज्या भाषेकडे शाळा नाही, सरकार नाही, तिने आपसात भांडणं फार महागात पडतं. कोश सगळ्यांचा करणाऱ्या माणसाने लेखननियमही सगळ्यांना बरोबर घेऊन केले असते तर, ही चुटपुट मला आहे.

प्रोव्हान्साल आज युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत गंभीर संकटात आहे, हे मी लपवत नाही. पण १९७९ साली पो शहरात पालकांनी पहिली ‘कालांद्रेता’ शाळा काढली, जिथे मुलं ऑक्सितानमधूनच शिकतात. दोन वर्षं आधी फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात, तिथल्या ब्रेटन भाषेच्या ‘दिवान’ शाळा सुरू झाल्या होत्या. आणि २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांसाठीचा मोलाक कायदा संसदेने मंजूर केल्यावर कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने त्यातलं सरकारी शाळांमधल्या अशा संपूर्ण भाषा-माध्यमाचं कलम रद्द केलं, तेही २१ मे रोजी, फेलिब्रिजच्या स्थापनेच्याच तारखेला. भाषा का आटली असं विचारताना बोट दाखवायचंच असेल, तर या निर्णयांकडे दाखवा.

शीर्षक मी बदलणार नाही. कैवार घेणारा जिंकलाच पाहिजे, अशी अट मी कधी घातली नव्हती. लेखननियमांच्या वादावर मात्र स्वतंत्र लेख लिहितो आहे. तुलूझच्या बाजूचं तुम्ही काही वाचलं असेल तर जरूर कळवा.