एका फोटोनं मालदीव बुडालं नाही, अन् लक्षद्वीप काय मालदीवची स्वस्तातली कॉपी नाही

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दाजींनी परत एकदा तो मेसेज टाकलाय, सुट्ट्या जवळ आल्या की तो येतोच. ज्यांनी वाचला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: जानेवारी २०२४ ला मोदींनी लक्षद्वीपचे फोटो टाकले, आपण मालदीवची बुकिंगं कॅन्सल केली, मालदीवचं दिवाळं निघालं. लक्षद्वीप तसंच दिसतं अन् अर्ध्या पैशात होतं, पासपोर्ट नको व्हिसा नको, बॅग उचला अन् निघा. आपण सगळे गेलो तर दोन वर्षात लक्षद्वीप पुढं जातंय, अन् तरीबी जो मालदीवला जाईल तो गद्दार. मी लातूरला तिकीट अन् टूरच्या बुकिंगचंच काम करतो, लोक हाच मेसेज मोबाईलवर दाखवत ऑफिसात येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकायलोय.

आधी ते दिवाळ्याचं बघू. २०२३ ला मालदीवला जवळपास १८ लाख ७८ हजार पर्यटक गेले, त्यात आपले २ लाख ९ हजार, म्हणजे आपला नंबर पहिला होता. मग जानेवारीत त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींवर नको ते लिहिलं, त्यांना सस्पेंड करावं लागलं, आपल्याकडं बॉयकॉट सुरू झाला अन् २०२४ ला आपला आकडा १ लाख ३० हजारांच्या आसपास खाली आला. म्हणजे फरक पडला, चांगलाच पडला, त्यांच्या पर्यटन मंत्र्यांनी मे महिन्यात भारतीयांना "या हो" म्हणून जाहीर विनंती केली ती काय उगं नाही. पण एकूण पर्यटक किती आले? २० लाखांच्या वर! आदल्या वर्षीपेक्षा जास्त. चीनचे २ लाख ६० हजारांच्या वर आले अन् पहिला नंबर त्यांचा झाला, शिवाय रशिया, इंग्लंड, जर्मनी, इटलीवाले आहेतच, ह्यातल्या कुणाला आपल्या ग्रुपवरचा मेसेज गेलेला नाही. मालदीवला डॉलरची टंचाई झाली हे खरंय, पण ती कर्जाच्या ओझ्यानं झाली, अन् ऑक्टोबर २०२४ ला ४० कोटी डॉलरची करन्सी स्वॅपची (म्हणजे त्यांचं चलन ठेवून डॉलर काही काळासाठी उसने द्यायची) सोय करून हात कुणी दिला, तर भारतानंच. बुडवणारे बी आपण अन् वाचवणारे बी आपणच, असं कसं?

बरं ज्यांनी मालदीव कॅन्सल केलं ते सगळे लक्षद्वीपला गेले का, तर तेबी नाही. श्रीलंकेला २०२४ ला एकट्या भारतातून ४ लाखांच्या वर लोक गेले. माझ्याकडं ज्यांनी बेत बदलला त्यातले बरेच जण अंदमान, श्रीलंका नाहीतर बाली धरून गेले. बेटांची स्पर्धा असते ती अशी, गिऱ्हाईक एका दुकानातून उठलं की शेजारच्याच दुकानात जाईल असं काही नसतं.

"बॅग उचला अन् निघा" हे वाचून तर मला हसूच येतं. मालदीवला पासपोर्ट लागतो, पण व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. लक्षद्वीप आपलंच आहे, पण तिथं जायला आपल्याला एंट्री परमिट लागतं, १९६७ चे नियम आहेत तसे, अन् ते बरोबरच आहेत कारण तिथला समाज लहान अन् जागा त्याहून लहान. अर्ज करा, कुठल्या बेटावर राहणार ते सांगा, राहायची सोय दाखवा, मग तिकीट. एका पोरानं हनिमूनसाठी विमानाचं तिकीट आधी काढलं, परमिट नंतर बघू म्हणला, परमिट वेळेत आलं नाही अन् तिकिटाचे पैसे गेले, बायको अजून टोमणे मारती म्हणे.

आता जायचं कसं ते बघा. लक्षद्वीपला विमान उतरतं फक्त अगत्ती बेटावर, धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, तिच्यावर एटीआरसारखं सत्तरएक सीटचं पंख्याचं विमानच उतरू शकतं. मालदीवच्या राजधानीची, मालेची, धावपट्टी ३४०० मीटर, तिथं मोठमोठी जेट विमानं उतरतात, अन् पुढच्या बेटांवर न्यायला सीप्लेन अन् स्पीडबोटी उभ्याच. साधा हिशोब करा की, २०२३ ला जेवढे भारतीय मालदीवला गेले तेवढेच अगत्तीला न्यायचे म्हणलं तर रोजची आठ विमानं फुल भरून पाहिजेत, वर्षभर, एक दिवस खाडा न करता. दुसरा रस्ता जहाजाचा, कोचीहून, बेटानुसार साधारण १४ ते १८ तास. जहाज बऱ्याच ठिकाणी काठाला लागतच नाही, प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं अन् तिथून तुम्हाला छोट्या बोटीत उतरवतात, बोट खालीवर हलती, दोघंजण दंड धरून ओढून घेतात. आपल्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर हे आधी माहीत पाहिजे. लातूरहून हैदराबाद, हैदराबादहून कोची, तिथून पुढं हे सगळं, म्हणजे "अर्ध्या पैशात" हे बी सोडून द्या. मालदीवला आता माफुशीसारख्या गावातल्या बेटांवर साधी गेस्टहाऊस आहेत, सगळेच काय पाण्यावरच्या व्हिलात राहत नाहीत, त्यामुळं कधी कधी खर्च जवळपास सारखाच बसतो.

पण माझा खरा राग आहे तो "दोन वर्षात पुढं जाईल" ह्याच्यावर. मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ ला सुरू झालं. पन्नास वर्षात त्यांनी एक बेट एक रिसॉर्ट करत, गेस्टहाऊस धरून, ६० हजारांच्या आसपास बेड उभे केले, त्यांच्याकडं बेटंच अकराशेच्या वर आहेत. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपला नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे अख्खं लक्षद्वीप त्यात दहा वेळा बसतंय. अन् एवढ्याशा जमिनीवर २०११ च्या जनगणनेला ६४ हजार माणसं राहत होती. सुहेली अन् कदमत बेटांवर ताजची दोन रिसॉर्ट २०२३ ला जाहीर झाली, दोन्ही मिळून २२० खोल्या. साठ हजार बेडांशी २२० खोल्यांची कसली स्पर्धा लावायलाव तुम्ही?

अन् पाणी? हे तरी लातूरकरांना सांगायची गरज पडू नये. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण घागरी घेऊन रांगेत होतोच की. लक्षद्वीपला नदी नाही, नाला नाही, धरण नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं अन् हलकं असतं म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं, तेवढंच विहिरीला लागतं. जास्त उपसा केला की खालून खारं वर येतं. आपल्याकडं बोअर आटतं, तिथं बोअर खारं होतं. २००५ ला लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट बसवला, वरचं कोमट पाणी कमी दाबात नेऊन वाफ करायची अन् खोल समुद्रातल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची, डोकं लई भारी लावलंय. क्षमता रोज १ लाख लिटर. कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या वर, म्हणजे माणशी नऊ लिटर, पिण्या-स्वयंपाकापुरतं. रिसॉर्टच्या स्विमिंग पूलला ह्यातलं कुठून देणार? मालदीव तरी कुठं ह्यातून सुटलंय, डिसेंबर २०१४ ला मालेच्या पाण्याच्या प्लांटला आग लागली अन् लाखभर लोकांचे नळ बंद झाले, तेव्हा आपल्या हवाई दलाची विमानं अन् नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली होती. कचऱ्याचं तर विचारूच नका, थिलाफुशी नावाचं बेटच कचरा टाकून टाकून वाढवलंय तिथं. लक्षद्वीपला तर बंगाराम बेटाजवळच्या परळी (वैजनाथाची नव्हे) नावाच्या बेटांपैकी एक झिजून झिजून पाण्याखाली गेल्याचं अभ्यासातून पुढं आलंय. प्रवाळ मेलं की बेटाचा बांध जातो, अन् २०२४ च्या उन्हाळ्यात तिथलं प्रवाळ गरम पाण्यानं पांढरं पडलं होतं.

राहिलं ते गद्दारीचं. मिनिकॉय हे आपल्याच लक्षद्वीपचं बेट, तिथली घरची भाषा अन् मालदीवची भाषा एकच, मग त्यांना काय म्हणणार? अन् जुलै २०२५ ला मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाला प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द मोदीच मालेला जाऊन आले. तेव्हा दाजी, हा मेसेज किमान त्या तारखेपर्यंत तरी अपडेट करा.

अन् तुमच्या भाच्याला लक्षद्वीपलाच पाठवायचं असंल तर जरूर पाठवा, लगूनचं (प्रवाळाच्या कड्याच्या आतलं) पाणी खरंच काचेसारखं आहे अन् गर्दी नाही. फक्त पावसाळ्याचे महिने सोडा, बंगाराम वगळता दारू मिळायची नाही हे त्याच्या दोस्तांना आधी सांगा, अन् परमिट हातात आल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका.