‘लाच देणाराही आत जातो’ या मेसेजमधला गाळलेला अर्धा भाग

‘लोकपाल आला, आता एसीबीची (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची) गरज नाही. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कुणाचीही तक्रार नाव न देता दिल्लीला करा. एसीबीकडे गेलात तर लाच दिली म्हणून तुम्हालाच अटक!’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि लगेच काकूंचा प्रश्न, ‘मग तक्रार करायलाच नको ना?’

आधी अटकेचं बघू, कारण सगळं नुकसान त्या वाक्यात आहे. २०१८च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली लाच देणं हा गुन्हा ठरला, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. एवढं खरं, मान्य. पण तेच कलम पुढे वाचा. जबरदस्तीने लाच द्यावी लागली आणि ७ दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा गुन्हेगार नाही. आधी कळवून, यंत्रणेला मदत म्हणून पैसे दिले, तर कलम लागूच होत नाही. लाच घेणाऱ्याला रंगेहाथ पकडायला एसीबी लावते तो सापळा कायद्यात बसतो तो यामुळेच.

सापळ्याआधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, संभाषण रेकॉर्ड होतं. नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात. पैसे घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. केस फसते ती बहुतेकदा मागणी सिद्ध न झाल्याने. नुसत्या नोटा सापडून भागत नाही. म्हणून समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे पुढे करायचे नाहीत, आणि त्याआधी हस्तांदोलनही नको, नाहीतर पावडर तुमच्याच हातून त्याला लागली असा बचाव होतो.

‘तलाठ्यापासून’ हे तर साफ चूक. २०१३च्या कायद्यातला लोकपाल केंद्राचे कर्मचारी, केंद्रीय मंत्री, खासदार यांच्यासाठी आहे. तलाठी राज्याचा नोकर. निनावी तक्रारही तिथे चालत नाही: ठरलेला नमुना, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि प्रकरण ७ वर्षांच्या आतलं. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर १ वर्षापर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

‘परवानगीशिवाय चौकशीच होत नाही’ असंही खाली जोडलंय. चौकशीआधी सरकारची परवानगी मागणाऱ्या, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्याच कलम १७अची ती अडचण खरी आहे, पण लाच घेताना जागेवर पकडल्यास ती परवानगी लागत नाही.

तेव्हा काकू, पैसे मागितले तर ‘जमवते’ म्हणून वेळ मागून घ्या आणि पैसे देण्याआधी एसीबीच्या १०६४ या हेल्पलाइनला फोन करा.