बडीची नऊ वर्षं आणि नानांची अडत

टार्नेटला आमच्या किराणा दुकानाबाहेर दोन बाकं आहेत आणि ट्रॉल्या अडकवायचं एक लोखंडी रेलिंग. हाच आमचा कट्टा. मेलबर्नचा ऑक्टोबर म्हणायला वसंतातला, पण वारा असा की चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, ग्रँड फायनल झाली की इथे दुसरा सामना सुरू होतो: कोण कुठला क्लब सोडून कुठे चालला. ट्रेडचे, म्हणजे क्लबांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायचे, ते दिवस. स्नेहल एका कानात ट्रेड रेडिओ अडकवूनच भाजी निवडते.

त्या संध्याकाळी मंदारचे सासरे, नाना, पण आले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीची अडत केलेला माणूस. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेत आणि जावयाच्या घरी बसून कंटाळलेत.

"ही पोरं विकत घेतात का तुमच्यात? आयपीएलसारखी?" नानांनी विचारलं.

"लिलाव नाही हो नाना," मंदार म्हणाला. "इथे खेळाडूचा मॅनेजर असतो. तो क्लबांशी बोलतो."

"म्हणजे अडत्या."

"अडत्या नाही, मॅनेजर. खेळाडूंच्या संघटनेचा परवाना लागतो त्याला. करारही छापील नमुन्यातला असतो, वाट्टेल ते कलम घुसडता येत नाही."

"परवाना आम्हालाही होता," नाना म्हणाले. "अडत कोणाकडून घेतो तो?"

"खेळाडूकडून. काही टक्के. जाहिरातींची कामं आणली तर त्याचे टक्के वेगळे आणि जास्त."

मंदार हॉथॉर्न क्लबाचा चाहता. बारा वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा ज्या घरात भाड्याने खोली घेतली ते घरच हॉथॉर्नचं, म्हणून तोही हॉथॉर्नचा. त्यामुळे मॅनेजर हा शब्द निघाला की त्याची जुनी जखम उघडते. लान्स फ्रँकलिन, सगळ्यांचा बडी, २०१३ मध्ये हॉथॉर्नबरोबर कप जिंकला आणि पुढच्याच महिन्यात सिडनीला निघून गेला. नऊ वर्षांचा करार, सुमारे १ कोटी डॉलर. सगळं शहर समजत होतं तो सिडनीच्याच दुसऱ्या क्लबाकडे, जायंट्सकडे, जाणार, आणि त्याच्या मॅनेजरने, लियम पिकरिंगने, गुपचूप सिडनी स्वान्सशी जमवलं. पिकरिंग स्वतः नॉर्थ मेलबर्न आणि जिलॉन्गकडून खेळलेला. मैदानातलाच माणूस.

"नऊ वर्षं!" मंदार अजूनही चिडतो. "सव्वीस वर्षांच्या माणसाला! पस्तिशी उलटेपर्यंत!"

"पण तुमच्या क्लबाने अडवलं का नाही?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण नानांना कळायला हवं होतं.

इथला नियम असा आहे. एका क्लबात आठ वर्षं काढली की खेळाडू मोकळा होतो. पण तो क्लबातल्या सर्वात जास्त पगाराच्या पंचवीस टक्क्यांतला असेल तर अर्धाच मोकळा. बाहेरच्या क्लबाने देऊ केलेला आकडा जुन्या क्लबाने जसाच्या तसा दिला, तर त्याला सहज निघता येत नाही. २०१२ पासूनचा हा नियम.

"आरटीएम कार्ड!" नाना एकदम सावध झाले. आयपीएलच्या लिलावात जुन्या संघाला बोली जुळवून खेळाडू ठेवायचा हक्क देणारं ते कार्ड. ऋषभ पंतच्या वेळी टीव्हीसमोर होते नाना. लखनौ २०.७५ कोटींवर, दिल्लीने कार्ड काढलं, लखनौने २७ कोटी म्हटलं, दिल्लीने हात वर केले.

"तसंच. फक्त इथे आकड्याबरोबर वर्षंही जुळवावी लागतात. बडीसाठी हॉथॉर्नने नऊ वर्षं जुळवायला नकार दिला. भरपाई म्हणून लीगने ड्राफ्टमधला, म्हणजे नवी पोरं निवडायच्या रांगेतला, एक क्रमांक दिला आणि विषय संपला."

"कुठे संपला?" स्नेहलने कानातला रेडिओ काढला. "पुढच्या वर्षी फायनलला कोण समोरासमोर? तुमचं हॉथॉर्न आणि बडीचं सिडनी. हॉथॉर्न ६३ गुणांनी जिंकलं. २०१५ ला परत जिंकलं. बडी सिडनीकडून तीन फायनल खेळला, तिन्ही हरला. रडायचं त्याने, तू कशाला रडतोस?"

"त्याने हजारावा गोल सिडनीच्या मैदानावर मारला. २०२२ मध्ये. लोक कुंपण ओलांडून आत धावले. तो आमच्या जर्सीत मारायला हवा होता."

यावर कोणी काही बोललं नाही. जर्सीचं दुःख वेगळं असतं.

नानांचं लक्ष मात्र आकड्यावर होतं. "एवढे पैसे एकट्याला दिले तर बाकीच्यांना काय?"

इथे स्नेहलचा प्रांत सुरू होतो. ती एका कंपनीत पगारपत्रकं करते, त्यामुळे सॅलरी कॅप तिला तोंडपाठ. अठरा क्लब, प्रत्येकाला पगाराची एकच मर्यादा, २०२५ च्या हंगामात सुमारे पावणेदोन कोटी डॉलर. त्यात चाळीसेक खेळाडू बसवायचे. आणि गंमत म्हणजे कमी देऊन वाचवायचीही सोय नाही, निदान ९५ टक्के खर्च करावेच लागतात. सिडनीला तर लीगने बजावलं होतं की बडी मध्येच निवृत्त झाला तरी करारातली उरलेली रक्कम तुमच्या कॅपमध्ये मोजू.

नानांनी चहाचा कप बाकावर ठेवला. "म्हणजे पोतं एकच. भरायचंच आहे आणि त्याहून जास्त मावत नाही."

"हो."

"आणि या मॅनेजरची एकाच क्लबात किती गिऱ्हाइकं?"

"मोठ्या मॅनेजरची पाच, सहा, कधी जास्तही."

"मग तो क्लबाशी कुठे भांडतोय? एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढतोय. आणि दोन्ही ताटांवर अडत घेतोय."

मंदारने तोंड उघडलं आणि मिटलं. बारा वर्षं आम्ही हा खेळ बघतोय, मॅनेजर चांगला की वाईट यावर शंभर वेळा भांडलोय, पण हा हिशोब आमच्या डोक्यात आला नव्हता. आम्ही सगळे सौदा क्लब आणि खेळाडू यांच्यातला समजत होतो. कॅप असताना तो खरं म्हणजे एका खेळाडूचा दुसऱ्या खेळाडूशी असतो, आणि दोघांचा माणूस एकच असू शकतो.

"पण मॅनेजर नसेल तर क्लब पोराला खाऊन टाकेल," मंदार अखेर म्हणाला. "डस्टिन मार्टिनचं बघा. २०१७ मध्ये नॉर्थ मेलबर्नची जबरदस्त ऑफर होती. रिचमंडमध्येच राहिला, पण सात वर्षांचा करार घेऊन. नॉर्थ दारात उभं नसतं तर सात वर्षं मिळाली असती?"

"आणि त्याच वर्षी कप, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक आणि फायनलचं पदक, तिन्ही त्याने मारलं," मी म्हणालो. हे वाक्य उगाच, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"करार, करार काय करतोस," स्नेहल म्हणाली. "कराराला इथे विचारतं कोण? आमच्या अ‍ॅडम ट्रेलोरचा २०२५ पर्यंत करार होता. २०२० मध्येच घालवला त्याला."

स्नेहल कॉलिंगवुडची. त्या क्लबाने पगार पुढच्या वर्षांवर ढकलत ढकलत कॅपचं पोतं असं भरलं की एक दिवस शिवण उसवली. ट्रेलोर राहतो म्हणत होता, आणि मुदत संपायच्या तोंडावर आमच्या वेस्टर्न बुलडॉग्सकडे आला. त्याच्या पगाराचा काही भाग पुढे कॉलिंगवुडच भरत राहिलं. मग ब्रॉडी ग्रंडी: २०२७ पर्यंतचा करार, २०२२ ला मेलबर्नकडे रवाना, तिथून वर्षभरात सिडनीला.

"पण संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही," मी म्हणालो. "हे आयपीएलच्या लिलावापेक्षा चांगलंच आहे. खेळाडूने नाही म्हटलं तर संपलं."

"तुला ऑफिसात साहेबाने बोलावून सांगितलं, तुझी इथे गरज नाही, पण तू राहू शकतोस. तू राहशील?"

मी काही बोललो नाही. ट्रेलोर २०२४ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, आमच्या जर्सीत, आणि मी स्नेहलला तेव्हा तिसऱ्या मिनिटाला मेसेज केला होता. त्यामुळे मला फार नैतिक बोलता येत नाही.

नानांना आता भलताच रस आला होता. "आणि आतल्या चिठ्ठ्या? टेबलाखालचं?"

"झालंय की. कर्ट टिपेट, ॲडलेड. २००९ ला करार वाढवताना क्लबाने लपवून पत्र दिलं, पुढे जायचं असेल तर स्वस्तात सोडू. शिवाय कॅपबाहेरचे पैसे. २०१२ ला फुटलं. क्लबाला ३ लाख डॉलर दंड, ड्राफ्टचे क्रमांक गेले, सीईओ निलंबित. टिपेटला ११ सामने बंदी आणि ५० हजार दंड."

"हत्ता," नाना म्हणाले.

आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी स्नेहलच्या पिशवीवरचा नॅपकिन उचलला, मंदारचा हात ओढला, दोन्ही हातांवर नॅपकिन टाकला आणि आतून त्याची बोटं दाबली. दोन बोटं, मग चार, मग पुन्हा एक. वरून फक्त कापड हलत होतं. "असा भाव व्हायचा. शेतकरी शेजारी उभा असायचा, त्याला पत्ता नसायचा. बंदी आली. तरी काही जण करायचेच." ट्रॉल्या गोळा करायला आलेला पोरगा थांबून सासऱ्या-जावयाचा हा प्रकार बघत राहिला.

"पण सगळ्यात वाईट अवस्था पोरांची," स्नेहल म्हणाली. "अठराव्या वर्षी ड्राफ्ट. पर्थचं पोर, ब्रिस्बेनने नाव घेतलं की निघालं ब्रिस्बेनला. पहिला करार ठरलेल्या दराने. तिथे मॅनेजरला करायला काही नाही."

"मग तो तेव्हा काय करतो?"

"ओळख ठेवतो. वाट बघतो."

"पेरणीला उचल देऊन ठेवल्यासारखी," नाना म्हणाले, आणि एवढ्यात सायकलवरून मंदारचा अकरा वर्षांचा मुलगा आला, गुडघ्याला चिखल, काखेत तो लांबट लाल चेंडू. नानांनी नातवाला वरपासून खालपर्यंत बघितलं, यार्डात ढीग बघावा तसं.

"याला पाठव ड्राफ्टला," ते जावयाला म्हणाले. "अडत्या मी. घरचा माल, अडत नको. हमाली-तोलाई तेवढी द्या."