देवाला मिंधा कसा करावा

तुमचं अलीकडं बरं चाललंय, असं कानावर आलं. उसाचं बिल वेळेवर जमा झालं (निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी हसू नये, उदाहरणादाखल म्हणतोय), शिवारातून रस्ता जाणार म्हणून कडेच्या गुंठ्यांना भाव आला, थोरला बेंगळूरला लागला. आता कुणाच्या दारात ताटकळायची गरज उरली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नाही, उधारीवर खत देणाऱ्या दुकानदाराच्याही नाही. फक्त देवाच्या दारात हात जोडून उभं राहायची जुनी सवय तेवढी शिल्लक आहे, आणि नव्या गाडीतून उतरून तसं उभं राहताना जरा अवघडल्यासारखं होतं.

यावर नास्तिक व्हावं असं मनात आलं असेल तर तो विचार सोडा. आपल्याकडं नास्तिकाला पोरगी मिळायची मारामार, पंचायतीचं तिकीट तर लांबच. शिवाय त्याची गरजही नाही. देव पुरेपूर मानून देवापासून मोकळं होता येतं. आजवर तुम्ही त्याचे मिंधे होता, आता त्याला तुमचा मिंधा करायचा.

सुरुवात हिशेबापासून करा. बेळगावच्या शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात तुमचा बासमतीचा तुकडा आहे असं धरू. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून पीक बुडालं की ती देवाची करणी. त्याच तुकड्याला प्लॉटचा भाव आला की ती तुमची दूरदृष्टी. हे वाटप पक्कं ठेवा. आजोबा जमीन एकरात मोजायचे, वडील गुंठ्यात, तुम्ही चौरस फुटात. एका एकराचे ४३,५६० होतात हे आजोबांच्या कधी लक्षातच आलं नाही. याला कर्तृत्व म्हणतात. मधेच एखादा जुना माणूस आठवण काढेल, की आजोबा कूळ होते, १ मार्च १९७४ ला कर्नाटकात कूळकायद्यातली दुरुस्ती लागू झाली, त्यांनी सात नंबरचा फॉर्म भरला म्हणून जमीन नावावर आली, आणि यात तुमचं काम एवढंच की त्या घरात जन्मलात. पुढं असंही म्हणेल, की हलग्याजवळ हायवेला लागून २०१२ साली सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, उघडलं, ते काही तुम्ही बांधलं नाही. अशा माणसाला चहा पाजा आणि विषय सीमाप्रश्नावर न्या. तिथून तो दिवे लागेपर्यंत परत येत नाही.

बोलणं मात्र नम्रच हवं. "आम्ही कोण लागून गेलो? सगळी तेची कृपा हाय बघा," हे वाक्य घोटून ठेवा. म्हणताना एक हात आभाळाकडं जावा आणि दुसरा सहज बंगल्याकडं. बंगल्याचं नाव 'माउली कृपा' ठेवायला हरकत नाही. उताऱ्यावर माउलीचं नाव चढत नाही, खात्री करून घेतली आहे. लोक 'सावकार' म्हणून हाक मारू लागले की पहिल्या दोन-तीन वेळा "छे, छे" म्हणा. पुढं ओ द्या.

मग देणगी. गुप्तदान करू नका, त्यात कुणाचंच भलं होत नाही. देवळाला पंखा द्या आणि तिन्ही पात्यांवर नाव घाला. पंखा फिरताना ते वाचता येत नाही, म्हणून वीज गेली की भक्तांना आधी तुम्हीच दिसता. कमान दिली तर सोन्याहून पिवळं, कारण देवाला भेटायला येणारा प्रत्येक जण तुमच्या नावाखालून वाकून जातो. नाव मराठीत की कन्नडमध्ये, यावर वाद होईल. आपल्या भागात एरवी पाटीवरून डोकी फुटतात, पण देणगीदार हा सलोख्याचा माणूस; त्यानं दोन्हीत लिहून घ्यावं, कुणीही वाचायचं राहायला नको. पंढरपुरात नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून. ती चूक तुम्ही करू नका. फरशी द्यायचीच असेल तर भिंतीवरची द्या, नजरेच्या उंचीवर. बऱ्याच वर्षांनी येणारी महालक्ष्मीची यात्रा गावात लागली तर फ्लेक्सवर देवीचा फोटो तुमच्यापेक्षा लहान असू द्या. तिला सगळे ओळखतात.

खरी पंचाईत जोगव्याची. ज्यानं कुणी ही रीत घातली त्याला श्रीमंतांचं काही बघवत नसावं. घरात सौंदत्तीच्या यल्लम्माची परडी असली की कोठारात कितीही पोती असोत, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच दारांत जायचं, 'जोगवा' म्हणायचं, आणि पडेल ते चिमूटभर पीठ घ्यायचं. कुणी दार उघडतं, कुणी "पुढं जा" म्हणतं. उभा जन्म द्यायची सवय झालेला हात पालथ्याचा उताणा होतो. यातून सुटायला सौंदत्तीची आई सहसा परवानगी देत नाही, तेव्हा डोकं चालवा. पाच घरं आपली निवडा: भावाचं, मेव्हण्याचं, प्लॉटिंगमधल्या पार्टनरचं, हिशेब लिहिणाऱ्याचं, आणि पाचवं तुमचंच जुनं घर, जे हल्ली भाड्यानं दिलंय. भाडेकरू "पुढं जा" म्हणणार नाही. आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करून ठेवा, नाहीतर घाबरून कुणीतरी परडीत पाचशेची नोट टाकायचा आणि सगळ्या नम्रतेचा विचका व्हायचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी चालू ठेवायला सांगा. त्या पिठाची भाकरी करून खायची असते असं म्हातारी म्हणेल. तुम्ही शुगरचं कारण सांगा आणि पीठ वॉचमनला द्या. दानही होतं.

वारीचंही असंच. रोपलावणीच्या दिवसांत शेत सोडवत नाही म्हणून आपल्याकडची कितीतरी माणसं आषाढीऐवजी कार्तिकी-माघी धरतात. तुम्हाला आता रोपलावणी उरली नाही, तेव्हा आषाढीला जा आणि वाखरीपासून चाला, तिथं कॅमेरे असतात. अडचण एकच: दिंडीत कुणीही कुणाच्याही पाया पडतो. समोरचा माणूस काल तुमच्या बांधकामावर विटा उचलत होता की काय, हे बघायलाही वेळ मिळत नाही, तोवर तो वाकलेला असतो आणि उलट वाकणं भाग पडतं. जाणकार गुडघ्यापाशी थांबतात. गुडघेदुखीचा दाखला कुणी मागत नाही.

सप्ताहात कीर्तनकार कुंतीची गोष्ट सांगतील, तेव्हा बाहेर जाऊन मंडपवाल्याचा हिशेब करा. युद्ध जिंकून राज्य हातात आल्यावर, कृष्ण द्वारकेला निघाला असताना त्या बाईनं त्याच्याकडं विपत्ती मागितली! का, तर संकटात त्याचं दर्शन होत होतं म्हणून. हस्तिनापुरात तेव्हा एनए प्लॉट नव्हते, एवढंच आपण म्हणावं. तरी पोराबाळांना असलं काही ऐकू देऊ नका.

आता शेवटची सावधगिरी. दिवस फिरतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेचं पाणी शिरलं तेव्हा अथणी-चिकोडी-निपाणी भागात पक्क्या घरांतली माणसंसुद्धा रात्रीतून शाळांत झोपायला गेली, आणि तिथं सावकार कोण हे रांगेत जेवण वाढणाऱ्याला कळत नव्हतं. अशी वेळ आलीच तर लाजू नका. सरळ सौंदत्तीचा डोंगर गाठा, "उदो गं आई" म्हणून लोटांगण घाला, पार्किंग लांब मिळालं तरी तक्रार नको. फक्त कमानीच्या देणगीची पावती बरोबर घ्या. "इतके दिवस कुठं होतास?" असं तिनं विचारलं तर दुसरं दाखवायला तुमच्याकडं काही नाही. लॅमिनेशन आत्ताच करून घ्या. ती शाई चार पावसाळेसुद्धा टिकत नाही.